चार वाजताची भूक

पत्र:

"ताई, मी २३ वर्षांची आहे. पहिलीच नोकरी. वडील आजारी असल्यामुळे पगारातला मोठा वाटा घरी पाठवते. खोलीचं भाडं आणि जाण्यायेण्याचा खर्च गेला की जेवणासाठी रोजची एक ठरावीक रक्कम उरते. बाहेर एक वेळ साधं जेवले तरी संपेल, एवढीच. म्हणून घरीच करते. आम्ही तिघी एका खोलीत राहतो, स्वयंपाक मात्र जिचा तिचा. एक शेगडी, माझा एक छोटा कुकर आणि फ्रिजमध्ये माझ्या वाट्याला एक कप्पा. सकाळी चहा-बिस्किटं, डब्यात भात आणि बटाट्याची भाजी, रात्री पुन्हा भात किंवा पाकिटातल्या नूडल्स. तेल अगदी थेंबभर घालते. डाळ महाग पडते म्हणून आठवड्यातून दोनदाच. तरी हिशोब बसत नाही. दुपारी चार वाजले की हात थरथरतात, डोकं चालत नाही आणि मी खाली जाऊन काहीतरी तळलेलं नाहीतर वेफर्सचं पाकीट घेते. ते पैसे हिशोबात नसतात. मग रात्री स्वतःचाच राग येतो आणि मी जेवण आणखी कमी करते. शेवटच्या आठवड्यात तर नुसत्या नूडल्स. रूममेट विचारतात तेव्हा सांगते, डाएट करते आहे. एवढ्या पैशात पोटभर आणि चवीचं जेवण खरंच होतं का? की मलाच हाव जास्त आहे?"

उत्तर:

अगं, ही हाव नाही. ही भूक आहे, आणि तुझ्या पत्रातला जेवणाचा तपशील वाचल्यावर ती लागली नसती तरच मला काळजी वाटली असती. तुझा शेवटचा प्रश्न वाचून मी थोडा वेळ पत्र बाजूला ठेवलं होतं. पोटाला चिमटा काढणाऱ्या मुलीला स्वतःचीच भूक हाव वाटावी, याचं फार वाईट वाटलं. म्हणून आधी हे मनातून काढून टाक, मग स्वयंपाकाचं बोलू.

तुझ्या दिवसाचा हिशोब मी कागदावर मांडला. प्रौढ माणसाला दिवसाला, वजनाच्या दर किलोमागे, साधारण ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. तुझं वजन ५० किलो धरलं तर झाली एकेचाळीस-बेचाळीस ग्रॅम. आता तुझं ताट बघ. कोरडे ७५ ग्रॅम तांदूळ शिजवलेस तर त्यातून मिळतात जेमतेम ५ ग्रॅम. मध्यम बटाट्यातून दोन-तीन. बिस्किटांतून थोडी, नूडल्समधून थोडी. डाळ नसलेल्या दिवशी सगळं मिळून गरजेच्या निम्म्याच्या आसपास पोचतेस. वर तेलही नाही, म्हणजे एकूण उष्मांकही कमी. अशा जेवणावर चार वाजता अंगातलं बळ संपलं तर त्यात तुझा दोष कुठे आला?

तू काटकसर केलीस, पण नेमक्या चुकीच्या जागी. डाळ आणि तेल कमी केलंस, आणि तिथून वाचलेला पैसा रोज चार वाजता खालच्या दुकानात देऊन आलीस. मला सांगायचं आहे ते एवढंच, बाकी सगळं त्याच्या पोटातलं. तुझ्या बजेटमध्ये सगळ्यात आधी ज्यावर खर्च व्हायला हवा, त्यालाच तू सगळ्यात आधी कात्री लावलीस.

मीही हे केलं आहे. घराबाहेर राहायला लागले त्या पहिल्या वर्षी माझी अगदी हीच वाट झाली होती. आधी डाळ गेली, मग तेल, मग भाजीत फक्त बटाटा उरला. माझ्याबरोबर काम करणाऱ्या एक बाई होत्या, वयाने बऱ्याच मोठ्या. त्यांनी दोन-तीन दिवस माझा डबा पाहिला. बोलल्या काहीच नाहीत. चौथ्या दिवशी त्यांनी स्वतःचा डबा उघडला आणि त्यातली घट्ट मसूर माझ्या भातावर वाढली. मसूरच ती, पण तपकिरी होईपर्यंत परतलेल्या कांद्यातली. मी विचारलं, यात काय काय घातलंय? म्हणाल्या, "कांदा, तेल, मीठ आणि वेळ." त्या दिवशी संध्याकाळी सहापर्यंत मला भुकेची आठवण झाली नाही. त्यांच्याकडून मी जे शिकले तेच आज तुला सांगते आहे.

आधी पैशाची मांडणी. तू रोजच्या रकमेचा विचार करतेस, तो आठवड्याचा कर. रोजच्या हिशोबात किलोभर कडधान्य कधीच बसत नाही. म्हणून माणूस छोटी पाकिटं घेत राहतो आणि छोट्या पाकिटात प्रत्येक ग्रॅमला जास्त पैसे मोजतो. हातात कमी पैसा असलेल्या माणसालाच वस्तू महाग मिळते, हा फार मोठा अन्याय आहे. पण त्यातून थोडं सुटता येतं. एकदम सगळं भरायला जाऊ नकोस, जमणार नाही. या आठवड्यात फक्त अर्धा किलो कडधान्य जास्तीचं घे. पुढच्या आठवड्यात तेलाची मोठी पिशवी. त्याच्या पुढे शेंगदाणे. महिन्याभरात तुझ्याकडे एक छोटा साठा होईल आणि शेवटचा आठवडा नूडल्सवर काढायची वेळ येणार नाही.

दुकानात गेलीस की एक आकडेमोड कर. २० ग्रॅम प्रथिनं कशातून किती पैशात मिळतात, एवढंच बघ. कुठलंही कोरडं कडधान्य किंवा डाळ घे, १०० ग्रॅममध्ये साधारण २० ते २५ ग्रॅम प्रथिनं असतात. शेंगदाण्यातही जवळपास २५. एका अंड्यात सहाच्या आसपास, म्हणजे साडेतीन अंडी घे. दुधाचं मोजायचं तर सहाशे मिली. वहीच्या एका पानावर तुझ्या दुकानातले भाव या हिशोबाने लिहून काढ. आणि त्याच पानावर शेवटी रोजच्या त्या वेफर्सच्या पाकिटाचा भाव लिही, पाकिटावर छापलेली प्रथिनं वाचून. ज्या डाळीला तू महाग म्हणतेस ती त्या यादीत कुठे येते हे तुझं तुलाच दिसेल. वरवर बघता किलोची डाळ महाग वाटते, कारण आपण किलोचा भाव वाचतो. पण एका वेळेला आपण साठ-सत्तर ग्रॅम डाळ शिजवतो आणि ती शिजल्यावर अडीच पटीच्या आसपास भरते. पाकिटातला पदार्थ जेवढा असतो तेवढाच राहतो.

धान्याबरोबर डाळ खाण्याला आणखी एक कारण आहे. तांदूळ-गव्हात लायसिन नावाचा प्रथिनांचा घटक कमी पडतो, डाळी-कडधान्यांत तो भरपूर. कडधान्यांत मेथिओनिन हा दुसरा घटक कमी, तो धान्यात बऱ्यापैकी. दोन्ही एकाच घासात हवेत असं काही नाही, दिवसभरात पोटात गेले तरी एकमेकांची उणीव भरून निघते.

आता त्या भांड्याकडे येऊ ज्यावर तुझा आठवडा उभा राहणार आहे. पाव किलो चणे, राजमा, चवळी, जे स्वस्त मिळेल ते, रात्री भरपूर पाण्यात भिजत घाल. पाण्यात चमचाभर मीठ टाक. मिठाने कडधान्य शिजत नाही असं खूप जण सांगतील. उलट आहे. भिजवताना घातलेल्या मिठाने सालं मऊ पडतात आणि दाणा न फुटता लोण्यासारखा शिजतो. शिजू न देणारी वस्तू म्हणजे आंबट. टोमॅटो, लिंबू, चिंच, जे काही घालायचं ते दाणे मऊ झाल्यावरच. आधी घातलंस तर तासभर गॅस जळेल आणि दाणा करकरीत राहील. सकाळी ते पाणी ओत, दाणे धू, नवीन पाणी घाल आणि कुकर लाव. कुकरच्या आत पाणी १२० अंशांच्या आसपास जातं, उघड्या पातेल्यात शंभरावर जात नाही. वेळ वाचतो तो त्यामुळे. शिट्ट्या झाल्या, थोडा वेळ मंद आचेवर ठेवलं, की गॅस बंद कर आणि वाफ आपोआप जिरू दे. त्या वेळात दाणे फुकटात शिजत असतात. तरीही दाणा कडक राहिला तर स्वतःला दोष देऊ नकोस, माल जुना असेल. जुनं कडधान्य कितीही शिजवलं तरी हट्ट सोडत नाही. पुढच्या वेळी दुकान बदल.

राजम्याबद्दल एक गोष्ट गांभीर्याने सांगते. कच्च्या आणि अर्धकच्च्या राजम्यात असा एक घटक असतो की चार-पाच दाण्यांनीही जोराच्या उलट्या होऊ शकतात. तो मंद, कोमट आचेवर जात नाही. खळखळ उकळीवर निदान १० मिनिटं राजमा उकळला पाहिजे. कुकरमध्ये पूर्ण शिजवलास तर प्रश्नच नाही, फक्त अर्धवट शिजलेला "चालेल" म्हणून खाऊ नकोस.

पाव किलोचे शिजून सहाशे ग्रॅमच्या आसपास होतात. त्या गरम भांड्याला तसंच ओट्यावर ठेवून कामाला जाऊ नकोस. पसरट डब्यात ओत म्हणजे लवकर निवेल आणि दोन तासांच्या आत तुझ्या कप्प्यात ठेव. तीन-चार दिवस उत्तम टिकतं. भाताच्या बाबतीत तर हे जास्तच पाळ. शिजलेला भात बाहेर तासन्‌तास राहिला की त्यात जे जंतू वाढतात, त्यांचं विष पुन्हा गरम केल्यानेही मरत नाही. शिळं अन्न टाकायचं नाही हे खरं, पण शिळं सुरक्षित राहील असं ठेवायचं हेही त्यातच आलं. डब्यात काल रात्रीचा कोमट भात भरू नकोस. सकाळी ताजा कर, किंवा फ्रिजमधला चांगला वाफा येईपर्यंत गरम करून भर.

एकच कडधान्य तीन दिवस खाऊन कंटाळा येईल, हे तू म्हणणार. येईल, जर तिन्ही दिवस त्याचं रूप तेच ठेवलंस तर. पहिल्या दिवशी अख्खे दाणे, त्यांच्याच शिजवलेल्या पाण्यात, पातळसर, भातावर. ते पाणी फेकू नकोस, त्यात खूप चव असते. दुसऱ्या दिवशी अर्धे दाणे वाटीच्या बुडाने ठेच, उरलेले अख्खे ठेव, आणि परतलेल्या कांद्यात घट्ट कर. ठेचलेल्या दाण्यांमुळे रस्सा मलईसारखा दाट होतो, दुसरं काही घालावं लागत नाही. तिसऱ्या दिवशी कोरडं: कोबी बारीक चिरून मोठ्या आचेवर परत, त्यात दाणे टाक, दाण्यांना तव्याचा डाग पडेपर्यंत हलव, वरून लिंबू. तिन्ही पदार्थांची चव, पोत, रंग वेगळा. शेगडीपुढे रोज वीस मिनिटांवर उभं राहायचं काम नाही.

आणि आता कांदा. यावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण स्वस्त जेवण आणि बेचव जेवण यातला फरक मला तरी इथेच दिसला.

तू तेल थेंबभर घालतेस, त्यात कांदा टाकतेस, तो पारदर्शक झाला की पाणी ओततेस. बरोबर ना? त्या कांद्याची चव अजून आलेलीच नसते. रविवारी चार-पाच कांदे एकदम उभे, पातळ चीर. जाड बुडाचं भांडं, दोन चमचे तेल, कांदा, चिमूटभर मीठ. मिठाने पाणी सुटतं आणि पहिली पाच-सात मिनिटं कांदा जणू उकडतो, डोळ्यांत जाणारा वास निघून जातो. मग पाणी आटतं आणि आवाज बदलतो. आधी फसफस असते, नंतर चरचर. इथे आच कमी कर. पंधराव्या मिनिटाला पिवळा, पंचविसाव्याला मधाच्या रंगाचा. बुडाला तपकिरी थर धरायला लागला की घाबरू नकोस, चमचाभर पाणी शिंपड आणि उलथन्याने तो थर खरवडून कांद्यात मिसळ. सगळी चव त्या थरात आहे. असं दोन-तीनदा कर. अर्ध्या तासाने भांडं भरून घातलेल्या कांद्याचा वाटीभर गडद, चिकट, गोडसर गोळा उरतो. तो बरणीत भरून कप्प्यात ठेव. अर्धा तास गॅस जळतो म्हणूनच आठवड्यातून एकदा, रोज नाही. दिवसाला एक चमचा डाळीत घातलास तरी डाळीचं रूप पालटतं.

उष्णतेने साखर आणि प्रथिनांचे घटक एकमेकांशी मिळतात आणि हा तपकिरी रंग, हा वास तयार होतो. लुई-कामी मेयार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ मध्ये त्याचं वर्णन केलं. पाव भाजल्याचा, शेंगदाणे भाजल्याचा वास हा त्याच कुळातला. त्याच्या चारच वर्षं आधी, १९०८ मध्ये, जपानच्या किकुनाए इकेदा यांनी समुद्री शैवालाच्या रश्श्यातून एक वेगळीच चव शोधून काढली. गोड, आंबट, खारट, कडू यांहून निराळी, तोंडात रेंगाळणारी, "काहीतरी भरीव खाल्लं" असं सांगणारी. ती पिकलेल्या टोमॅटोत असते, वाळवलेल्या मशरूममध्ये असते. महाग पदार्थांची मक्तेदारी नाही. पिकून मऊ पडलेले टोमॅटो बहुतेकदा स्वस्त मिळतात, ते घे आणि तेल सुटेपर्यंत आटव.

तेलाबद्दल तुझी भीती मला समजते, पण मोठा चमचाभर (१५ मिली) तेल म्हणजे साधारण १२० उष्मांक, आणि पैशाच्या मानाने याहून स्वस्त ऊर्जा स्वयंपाकघरात क्वचितच मिळेल. गाजर, भोपळा, पालेभाज्या यांतलं कॅरोटीन (त्यातून शरीर अ जीवनसत्त्व बनवतं) शोषलं जायलाही थोडी स्निग्धता लागतेच. तेव्हा दिवसाला दोन-तीन चमचे तेल ठरवूनच घाल. मात्र तेलाने पोट जास्त वेळ भरलेलं राहतं असं समजू नकोस. १९९५ मध्ये सिडनी विद्यापीठात सुझाना होल्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३८ पदार्थ लोकांना खायला दिले, प्रत्येकाचे उष्मांक सारखेच, २४०, आणि पुढचे दोन तास त्यांना पोट किती भरल्यासारखं वाटतं ते विचारलं. पांढऱ्या पावाला १०० धरलं तर सगळ्यात वर कोण आलं असेल? उकडलेला बटाटा, ३२३. आणि सगळ्यात खाली लोण्याचा क्रोसाँ (पदर सुटणारा फ्रेंच पाव), ४७. पाणी, चोथा आणि प्रथिनं जास्त असलेले पदार्थ वर गेले, स्निग्ध आणि हलकेफुलके खाली आले.

म्हणजे तुझा बटाटा चुकीचा नव्हता. तो एकटा होता आणि कमी होता. त्याला हाकलू नकोस, त्याच्या शेजारी वाटीभर कडधान्य बसव. आणि तुझं चार वाजताचं पाकीट मात्र त्या यादीच्या खालच्या टोकाच्या जातीचं, तळलेलं आणि हलकं. खाल्लं की तोंडाला बरं वाटतं, पाऊण तासात पुन्हा पोटात खड्डा.

त्या चार वाजताची सोय सकाळीच कर. मूठभर भाजलेले शेंगदाणे, तीसेक ग्रॅम, एका लहान डबीत, आणि ती डबी पर्समध्ये. सात-आठ ग्रॅम प्रथिनं, पावणेदोनशे उष्मांक, वर चावायला कुरकुरीत. तुला वेफर्समध्ये हवं असतं ते निम्मं तर तो कुरकुरीतपणाच असतो. कधी शेंगदाण्यांऐवजी तुझ्या भांड्यातले मूठभर चणे तव्यावर कोरडे होईपर्यंत परतून, तिखट-मीठ लावून ने. आणि चार वाजेपर्यंत थांबू नकोस. साडेतीनला खा. हात थरथरायला लागल्यावर कुणाचाही निर्णय चांगला होत नाही.

सकाळच्या बिस्किटांच्या जागी एखादं उकडलेलं अंडं आणि काहीतरी धान्याचं, पाव असेल, पोळी असेल. अंडं खात नसशील तर ठेचलेले चणे. बिस्किटांचा पुडा आठवड्याला किती पैसे खातो ते एकदा मांडून बघ. चहा सोडायला सांगत नाही, फक्त जेवणाला लागून घेऊ नकोस, तासभर अंतर ठेव. चहामुळे कडधान्य-पालेभाज्यांतलं लोह कमी शोषलं जातं, आणि तुझ्या वयाच्या मुलीला लोह कमी पडणं परवडणारं नाही. उलट जेवताना लिंबू पिळलंस, कच्चा टोमॅटो किंवा कोबी खाल्लास, तर त्यातल्या क जीवनसत्त्वामुळे तेच लोह जास्त मिळतं. फुकटातला फायदा आहे.

भाज्यांचं फार सांगत नाही. हंगामातली जी सर्वांत स्वस्त ती. कोबी, गाजर, भोपळा टिकतात म्हणून एकटीला बऱ्या. फ्लॉवरचे दांडे, बिटाचा, मुळ्याचा पाला टाकू नकोस, बारीक चिरून परत. कांदे-बटाटे एका टोपलीत ठेवू नकोस. हिरवा पडलेला बटाटा खाऊ नकोस.

आता ज्या गोष्टीबद्दल तू काही विचारलं नाहीस, तिच्याबद्दल. तिघी एका खोलीत, एक शेगडी, तीन कुकर, तीनदा गॅस. यात पैसा जातो तो जातोच, पण "डाएट करते आहे" हे वाक्य रोज बोलायला जी ताकद लागते, ती उपाशीपोटी कुठून आणतेस? तू त्यांना तुझा सगळा पगार, घरचं आजारपण सांगायची गरज नाही. एवढंच म्हण, "मी रविवारी मोठं भांडं कडधान्य शिजवणार आहे, सामान वाटून घेऊ या का?" अर्ध्या किलोला लागणारा गॅस पाव किलोपेक्षा थोडासाच जास्त असतो. मला तर वाटतं, त्या दोघींपैकी एखादीचा महिन्याचा शेवटचा आठवडाही तुझ्यासारखाच जात असेल आणि तीही काहीतरी कारण सांगत असेल. नाही म्हणाल्या तर तुझं काहीच जात नाही.

आणि घरी पाठवायच्या पैशाबद्दल. हे लिहिताना मी कचरते आहे, पण लिहिते. वर सांगितलेलं सगळं करून महिनाभर पाहा. भांडं, कांदा, शेंगदाण्याची डबी, सगळं. त्यानंतरही तुझं पोट भरत नसेल, तर ती रक्कमच कमी आहे, तुझी हुशारी नाही. अशा वेळी घरी पाठवतेस त्यातून थोडे पैसे स्वतःच्या जेवणासाठी ठेव आणि घरी तसं मोकळेपणाने सांग. तू आजारी पडलीस तर वडिलांच्या औषधाचे पैसे कुठून येणार? हे तुझ्या आईला तुझ्याइतकंच कळतं. कदाचित तिला हेच ऐकायचं असेल की मुलगी दोन वेळा नीट जेवते.

हात थरथरणं आठवडाभर पोटभर खाल्ल्यावर थांबायला हवं. नाही थांबलं, चक्कर आली, पाळी चुकायला लागली, थोडं चाललं तरी दम लागला, तर सरकारी दवाखान्यात जाऊन रक्त तपासून घे. हिमोग्लोबिन आणि साखर, दोन्ही. ते जेवणाने आपोआप बरं होईल म्हणून वाट बघत बसू नकोस.

आज रात्री झोपण्याआधी पाव किलो चणे धुऊन, चमचाभर मीठ टाकून, मोठ्या पातेल्यात भिजत घाल. पाणी दाण्यांच्या चार बोटं वर येऊ दे, सकाळपर्यंत ते फुगून दुप्पट होतात. आणि रविवारी कांदा परतायला घेतलास की खिडकी उघडी ठेव, दार मात्र लावू नकोस. त्या वासाने त्या दोघी आपण होऊन स्वयंपाकघरात येतील, तेव्हाच विचार.